डोंगरातलं कुवेतचं घर

मी इंडोनेशियात कधी पाऊल ठेवलेलं नाही. तरी जावा बेटाच्या दक्षिण अंगाला, डोंगरातल्या एका लहानशा गावात कुणाच्या अंगणात काय वाळत घातलंय, कुणाची विहीर आधी आटते आणि कुठली जाऊ कुठल्या जावेशी बोलत नाही, हे मी कुवेतच्या दस्मानमधल्या आमच्या फ्लॅटच्या ओट्याशी उभी राहून सांगू शकते. हे सगळं मला आमच्याकडे राहून काम करणाऱ्या बाईने सांगितलं. सहा वर्षं सांगत होती. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, माझ्या डोक्याला तेल लावताना. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिला विचारलेलं नाही, आणि आता विचारायला मला तोंड राहिलेलं नाही.

ती आली तेव्हा मला ‘मामा’ म्हणायची. त्याआधी पाच वर्षं ती एका कुवेती घरात होती, आणि तिथे मालकिणीला असंच म्हणतात. माझ्या सासूबाई तेव्हा नेमक्या इथे आलेल्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. “आगं माय, ही तुला मामा म्हणती. मंग मला काय आजोबा म्हणणार का काय?” मग मी तिला ताई म्हणायला शिकवलं. ती माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. अरबी तिला त्या पहिल्या घराने शिकवलं, हिंदी इमारतीतल्या ड्रायव्हर लोकांनी आणि मराठी आम्ही, म्हणजे मुख्यतः सासूबाईंनी. त्यामुळे तिचं मराठी निम्मं लातूरचं होतं. “ताई, भात लागला बगा,” असं ती म्हणायची तेव्हा माझ्या माहेरचंच कुणीतरी बोलतंय असं वाटायचं.

आमचं घर म्हणजे चार बायका आणि एक पुरुष. नवरा सिटीतल्या एका बँकेत संगणकाचं काम बघतो. मी राई नावाच्या भागात मोटारींच्या सुट्या भागांच्या गोदामात, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात. मुलगी इथेच जन्मली, यंदा दहावीला. तिच्याशी मराठीत काहीही बोला, उत्तर इंग्रजीत येतं. सासूबाई दर हिवाळ्यात दोन-तीन महिने येतात. आणि चौथी ही. सकाळी साडेसहाला आम्ही तिघं घराबाहेर पडायचो ते तिच्या जिवावर. हे मी आज कबूल करते. तेव्हा मी ‘आम्ही तिला घरातल्यासारखंच ठेवलंय’ असं म्हणायचे. घरातल्यासारखं! तिचा पासपोर्ट माझ्या कपाटात, माझ्या दागिन्यांच्या डब्याखाली होता. तसा ठेवायचा नसतो हे मला माहीत होतं. सगळेच ठेवतात, हेही माहीत होतं.

तर तिचं गाव. सगळ्यात जवळचं मोठं शहर सहा तासांवर. तिथून तालुक्याच्या गावापर्यंत बस, आणि पुढे सागाच्या जंगलातून वळणावळणाचा रस्ता. जंगल सरकारचं. लाकडाला हात लावला तर तुरुंग, पण पानं कुणीही तोडावीत. म्हणून त्या भागात सगळं सागाच्या पानात बांधतात. भात, मासळी, आंबवलेल्या सोयाबीनची वडी. गरम भात पानात बांधला की भाताला लालसर रंग चढतो, म्हणे. तिने एकदा इथल्या जमियात, म्हणजे सहकारी दुकानात, बटर पेपर बघून मला विचारलं होतं, “ताई, ह्याला पैसे पडतात?”

डोंगर चुनखडीचे. पाऊस पडतो धो धो, आणि पडला की दगडातून खाली निघून जातो. म्हणून घरोघरी अंगणात सिमेंटची टाकी, पन्हाळीचं पाणी साठवायला. आपल्याकडे पोळ्याचे दिवस असतात तेव्हा तिच्या गावात टँकर येतो. हे ऐकून मी खो खो हसले होते. मराठवाड्यातल्या बाईला टँकरचं कौतुक सांगतेस का, म्हटलं. भाताची खाचरं फक्त खोलगट भागात, जिथे थोडी माती आहे तिथे. बाकी सगळीकडे एक कंद, आपल्या साबुदाण्याचा, तोच. सोलून, चिरून, रस्त्याच्या कडेला, कौलांवर, मशिदीच्या ओट्यावर, जागा मिळेल तिथे वाळत घालायचा. आंबूस वास सगळ्या गावाला. वाळला की कांडून पीठ, पिठाच्या कण्या वाफवायच्या आणि भात म्हणून खायच्या. तिच्या लहानपणी हे खाणाऱ्याला शाळेत चिडवायचे. आता तालुक्याला हॉटेलात पाहुण्यांना कौतुकाने वाढतात. आमच्या भाकरीचं झालं तेच.

बाजार दर पाच दिवसांनी. त्यांचा सात दिवसांचा आठवडा आहेच, पण जोडीला पाच दिवसांचा आणखी एक आहे, आणि बाजार त्या पाचाच्या हिशेबाने भरतो. लग्नाचा दिवस काढायचा तर दोन्ही जुळवायचे. मुलीचा वार, मुलाचा वार, तिकडचा वार, इकडचा वार. गावात एक म्हातारा आहे तो बोटांवर मोजून सांगतो. “आमच्याकडे भटजी पंचांग बघतात, तसंच,” मी म्हणायचे. मला सगळं ‘तसंच’ वाटायचं, तिथेच सगळी गडबड झाली.

पुरुष पक्षी पाळतात. पारव्याएवढे, गाणारे. उंच कळकाच्या टोकाला पिंजरा, आणि सकाळी दोरीने वर चढवायचा, आपल्याकडे झेंडा चढवतात तसा. मग पुरुष खाली उकिडवे बसून ऐकतात, कडेवर नातवंडं घेऊन. कारण नातवंडांच्या आया गावात नाहीत. हाँगकाँगला आहेत, तैवानला आहेत, सौदीला आहेत. आपल्या कोकणातली कितीतरी घरं पुरुषांनी आखातात जाऊन रिकामी केली. माझ्या ऑफिसातले निम्मे लोक रत्नागिरीचे, त्यांच्या बायका तिकडे. हिच्या गावात उलटं. बायका गेल्या आणि पुरुष पक्षी ऐकत बसले. तिचा नवरा तेवढंही बसला नाही; मलेशियाला पामच्या मळ्यात कामाला म्हणून गेला आणि तिकडेच दुसरं बिऱ्हाड करून राहिला.

गावात जुनी घरं फळ्यांची, जमीन मातीची. त्यांच्या मधेमधे नवी घरं, पुढे खांब, चकचकीत फरशा थेट भिंतींवर चढवलेल्या. त्या घरांना देशांची नावं आहेत. पत्ता विचारला तर सांगतात, तैवानच्या घरावरून वळा, सौदीच्या दोन घरांच्या मधून जा, मग कुवेतचं घर. हे कुवेतचं घर म्हणजे हिचं. हिरव्या फरशांचं. मी त्याचे इतके फोटो बघितलेत की त्यातली तडकलेली फरशीसुद्धा मला पाठ आहे. चकाकी फक्त पुढे. मागे स्वयंपाकघर तसंच जुनं, मातीचं, चुलीचं. “मागे कोण बघतं?” मी म्हटलं होतं एकदा. ती म्हणाली, “ताई, पुढे कोणी नाही बसत. सगळे मागेच बसतात.”

त्या घरात तिची मुलगी राहायची, आणि मुलीला सांभाळणारी हिची मोठी बहीण. ही निघाली तेव्हा मुलगी नऊ वर्षांची. गळ्यात सोनं घातलेली एक एजंट बाई मोटरसायकलवरून आली, दोन वर्षांचं म्हणाली. दोनाची अकरा झाली. मध्ये ही दोनदा महिना महिना जाऊन आली, बस. मुलगी मावशीला आई म्हणते आणि हिला पण आईच म्हणते, पण दोन वेगळ्या शब्दांनी. मावशीला घरातला शब्द, हिला फोनवरचा.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास त्या मुलीचं लग्न ठरलं. म्हाताऱ्याने बोटं मोजली आणि जानेवारीतला पहिला रविवार काढला. ही त्या दिवशी इतकी खुशीत होती की पोळ्या करताना गात होती. सासूबाईंनी तिची दृष्ट काढली, मीठमोहऱ्या टाकून! मग दोन दिवसांनी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, दोन्ही हात पोटाशी धरून. काही मागायचं असलं की ती तशी उभी राहते.

“ताई, सुट्टी. आठ दिवस आधी पाहिजे. नंतर नाही दिली चालेल. आधीचे आठ.”

आणि मग तिने मला रेवांग समजावलं. हे मी इतकं नीट सांगू शकते याचा अर्थ मी ते नीट ऐकलं होतं. ‘मला कळलंच नाही’ ही पळवाट मला नाही.

रेवांग म्हणजे गावातल्या बायकांनी लग्नघरी येऊन रांधणं. आचारी नाही, केटरर नाही. आठवडाभर आधीपासून सगळ्या बायका येतात, मागच्या चुलींशी बसतात, नारळ खवतात, मसाला वाटतात, गुळाचा पाक घालून एक चिवट वडी करतात ती तासन्‌तास घोटतात. पण त्या आपणहून येत नाहीत. नवरीच्या आईने घरोघर जायचं, प्रत्येक चुलीपाशी बसायचं आणि म्हणायचं, माझ्याकडे या. फोनवर चालत नाही. दुसऱ्याने चालत नाही. जी बोलवायला जाते ती लग्नाची आई. मग लग्नाच्या दिवशी नवरीच्या शेजारी, मंचावर जी खुर्ची असते, तिच्यावर ती बसते.

“अकरा वर्षं मी कुणाच्या चुलीशी गेले नाही, ताई,” ती म्हणाली. “कुणाचं लग्न, कुणाची मयत, कुठेच नाही. आता माझ्या घरी कोण येणार? मी आठ दिवस आधी जाते. सगळ्या घरी जाते. भांडी घासते. मग बायका बघतील, आई आली. मग मी बसू शकते.”

किती सरळ सांगितलं होतं! तिला त्या खुर्चीवर बसायचं होतं. एवढीच एक गोष्ट तिने सहा वर्षांत माझ्याकडे मागितली.

आता माझी बाजू ऐका, म्हणजे किती फालतू होती ते कळेल. डिसेंबरचे शेवटचे आठ-दहा दिवस आमच्या गोदामात जर्द असतो. म्हणजे मालाची वार्षिक मोजणी, प्रत्येक नट-बोल्टची. सकाळी सातला जायचं, संध्याकाळी घर दिसेल तेव्हा दिसेल. मुलीची सराव परीक्षा जानेवारीच्या सुरुवातीला. आणि सासूबाईंचे गुडघे. त्यांना एकटीला ठेवायचं कसं? मी हे सगळं तिला बोटांवर मोजून दाखवलं. मग मी माझ्या मते अगदी मोठ्या मनाने तोडगा काढला.

“मुहूर्त कधीचा आहे?” मी विचारलं.

तिने सांगितलं, रविवारी सकाळी नऊ.

“मग शनिवारी संध्याकाळी तू घरात असशील असं तिकीट काढते. चांगली महिनाभराची सुट्टी देते. आधी आठ काय अन्‌ नंतर आठ काय, तीस दिवस ते तीसच ना? उलट नंतर निवांत राहा मुलीजवळ.”

मला ते इतकं बिनतोड वाटलं होतं! लग्न म्हणजे मुहूर्त. अक्षता पडायच्या आत कार्यालयात पोचलं म्हणजे लग्न मिळालं. आमच्यात मुलाचा मामा सुद्धा पुण्याहून सकाळच्या गाडीने येतो, अंतरपाटाच्या वेळी घाम पुसत उभा राहतो आणि संध्याकाळी परत जातो. माझ्या स्वतःच्या लग्नात माझे वडील आदल्या दिवशीपर्यंत नोकरीवर होते आणि त्याचं सगळ्यांना केवढं कौतुक. पत्रिकेवरची वेळ गाठायची, एवढंच मला लग्नातलं कळतं. तिने सांगितलेलं सगळं मी ऐकलं आणि त्यातली वेळ तेवढी उचलली.

तिने मान डोलावली. तिच्या गावात मोठ्या माणसाला ‘नाही’ म्हणत नाहीत. हेही तिनेच मला कधीतरी सांगितलं होतं, की तिकडे नकार द्यायचा तरी मान डोलावतात आणि गप्प बसतात, समोरच्याने ओळखायचं असतं. मी म्हटलं, झालं, पटलं तिला.

सासूबाई आतून ऐकत होत्या. जेवताना म्हणाल्या, “जाऊ दे की तिला. म्या काय लहान लेकरू हाय का? भात-वरण म्या टाकते, तू आल्यावर भाकरी बडव.”

“तुम्ही पडलात-बिडलात तर?” मी म्हणाले.

“पडले तर पडले.”

“काहीतरीच काय आई!” मी विषय संपवला. आता खरं सांगते. त्या पडतील ही भीती मला नव्हतीच. जर्दवरून दमून आल्यावर ओट्याशी उभं राहणं माझ्या जिवावर आलं होतं. आठ दिवस. आठ दिवसांच्या भाकऱ्या.

तिची जायची तयारी मात्र मी अशी केली की बघत राहावं. मुबारकियाच्या बाजारातून तिच्या लेकीला सोन्याचं पाणी दिलेला सेट, जावयाला घड्याळ, आणि तिच्यासाठी मरून रंगाचा, जरीकाठाचा पायघोळ ड्रेस. “लग्नात सगळ्यांत उठून दिसली पाहिजेस,” मी म्हणाले. विमानतळावर पासपोर्ट तिच्या हातात दिला तेव्हा मला गहिवरून आलं, स्वतःच्याच चांगुलपणाने. तो शुक्रवार होता; त्याच दुपारी आमच्या मराठी मंडळींचं एकत्र जेवण होतं. तिथे मी चार जणींना सांगितलं. एक म्हणाली, “कोण करतं गं आजकाल कामवाल्यांसाठी एवढं?” मी म्हणाले, “अगं, आईच ती शेवटी.” हे माझे शब्द. ते आठवले की आजही स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. हे मुद्दाम लिहिते. विमान चुकलं नाही, दरड कोसळली नाही, गाडी बंद पडली नाही. शनिवारी तिकडे दिवेलागणीला ती घरात होती. ‘पोचली’ असा निरोप आला आणि मी नवऱ्याला म्हटलं, बघ, पंधरा तास आधी.

रविवारी सकाळी नाश्त्याला बसलो होतो तेव्हा तिच्या भाचीने फोनवर व्हिडिओ पाठवला. माझ्या मुलीने तो टीव्हीवर लावला. मंडप, फुलांचा मंच, मध्ये नवरा-नवरी, अगदी राजाराणी. नवरी सुरेख दिसत होती. दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या, आईबापांच्या. घरच्या सगळ्या बायकांना एकाच कापडाचे हिरवे कपडे. कॅमेरा सरकत सरकत नवरीच्या बाजूच्या खुर्च्यांवर आला. तिथे एक हिरव्या कपड्यातली बाई बसली होती, रुंद चेहऱ्याची, हसरी. शेजारी तिचा नवरा.

“हर सिस्टर,” मुलगी म्हणाली. “व्हेअर इज शी?”

“असेल तिथेच कुठेतरी, धावपळीत,” मी म्हणाले.

व्हिडिओ पुढे गेला. पाहुण्यांच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, रांगेने. सासूबाई गुडघ्यावर हात रोवून पुढे झुकल्या.

“थांबव, थांबव. ती बग. आगं, ती बग की.”

सगळ्या हिरव्यांत एकच मरून. तिसऱ्या रांगेत, कडेला. मी दिलेला ड्रेस. मांडीवर पाहुण्यांना देतात तो जेवणाचा खोका, त्यावर दोन्ही हात ठेवून ती सरळ बसली होती. उठून दिसत होती.

“आई पाहुण्यांत बसलीय,” सासूबाई म्हणाल्या.

“त्यांच्यात असेल तशी पद्धत,” मी म्हणाले. पद्धत काय आहे ते मला बिनचूक माहीत होतं. तरी म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि ताट उचलून आत गेल्या. मी व्हिडिओ बंद करायला सांगितला, चहा गार होतोय म्हणून.

महिन्याची सुट्टी होती. बाराव्या दिवशी तिचा निरोप आला, उद्या येते. तिकीट तिने स्वतःच बदलून घेतलं होतं. मला आधी काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. भांडी साचली होती, मुलीचा डबा रोज बाहेरून येत होता. विमानतळावर ती बाहेर आली, एका हातात बॅग, दुसऱ्यात सागाच्या पानात बांधलेलं काहीतरी. मी पुढे होऊन बॅग धरली आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “बरं झालं बाई, लवकर आलीस.”

ती हसली. “हो ताई.”

गाडीत मी विचारलं, लग्न कसं झालं. ती खिडकीबाहेर बघत सांगत गेली, तक्रारीचा एकही सूर न लावता. शनिवारी ती पोचली तेव्हा मागचं स्वयंपाकघर बायकांनी भरलेलं होतं. बहीण आठ दिवस घरोघर जाऊन आली होती. एकही चूल चुकवली नव्हती. हिला बघून सगळ्या उठल्या, दोन्ही हातांत हिचे हात घेतले, आणि हिला पुढच्या खोलीत चटईवर बसवून चहा दिला. पुढच्या खोलीत. ही उठून मागे गेली आणि नारळ खवायला घेतला. एकीने तो हळूच हातातून काढून घेतला, म्हणाली, तू दमलीस, पुढे बस. ही पुन्हा गेली, भांड्यांपाशी बसली. दुसरीने उठवलं. तिसऱ्यांदा गेली तेव्हा बायका बोलायच्या थांबल्या.

“वाईट कोणी नाही बोललं, ताई. सगळे चांगले बोलले.”

सकाळी नवरीला सजवणाऱ्या बाईने विचारलं, नवरीची आई कोण, तिचं पण तयार करायचं आहे. मुलीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रडायलाच आली. हिरवं कापड मोजून शिवलेलं, हिच्या मापाचं कुणी शिवलं नव्हतं.

“मग मीच बहिणीला सांगितलं, तू बस. ती दोनदा नको म्हणाली. आमच्यात दोनदा नको म्हणतात. तिसऱ्यांदा ती बसली.”

रिंग रोडवर गाड्या खोळंबल्या होत्या. मागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं आणि मी त्याच्यावर उगीचच खेकसले. मग स्वतःला सावरायला, काहीतरी बोलायचं म्हणून, जे विचारायला नको होतं तेच विचारलं.

“अगं पण महिना होता ना हातात. माफ कर मला, चुकलंच माझं. पण निदान राहायचं तरी होतंस मुलीजवळ. घर तर तुझंच आहे.”

तिने मांडीवरचं पानांचं पुडकं जरा सारखं केलं.

“पाहुण्याने किती दिवस राहायचं, ताई?”